लॅपटॉप आणि टॅबलेट रोज वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त शिक्षक, दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवणारे, मुलांच्या अभ्यासासाठी टॅबलेट घेतलेले पालक, परीक्षांचे फॉर्म भरणारे विद्यार्थी. यांच्याकडून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज ११ चा लॅपटॉप आणि अँड्रॉइड टॅबलेट धरून लिहिली आहेत. आयपॅडला वेगळं काही करावं लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे. मेनूंची नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. बटण दाबून पाहायला घाबरू नका, त्याने लॅपटॉप बिघडत नाही. जपायच्या त्या तुमच्या फाइल्स आणि तुमचे पासवर्ड.

१. लॅपटॉप रोज शट डाउन करायचा, की झाकण मिटलं तरी चालतं?

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. दिवसभर मधूनमधून काम असेल तर तेच सोयीचं. बॅगेत भरून प्रवासाला निघताना मात्र शट डाउन करा. बंद बॅगेत तो अपडेटसाठी आपणहून जागा झाला तर हवा न मिळाल्याने चांगलाच तापतो आणि बॅटरीही उतरते.

खरी मेख वेगळी आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून सुरू असते. ती असताना शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे कालची अडचण आज पुन्हा हजर. रीस्टार्ट केलं की सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणून 'बंद करून चालू केला तरी प्रिंटर सापडत नाही' अशा वेळी शट डाउन नको, रीस्टार्ट निवडा. आठवड्यातून एकदा सहज म्हणून रीस्टार्ट करायची सवयही चांगली.

२. सगळं अडकलंय, काही दाबलं तरी हलत नाही. काय करू?

आधी दोन मिनिटं थांबा. पुन्हा पुन्हा क्लिक केलं तर प्रत्येक क्लिकचं काम रांगेत लागतं आणि अडकणं वाढतं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. अडकलेला प्रोग्रॅम निवडून 'एंड टास्क' करा. त्यात न साठवलेलं काम जाईल, बाकीचं शाबूत राहील.

स्क्रीन काळी झाली पण आतला पंखा फिरतोय असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून पाहा. यात फक्त चित्र दाखवणारा भाग नव्याने सुरू होतो, उघडलेल्या फाइल्सना धक्का लागत नाही. हेही नाही चाललं तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

समोर गोल होम बटण नसलेल्या आयपॅडवर आवाजाची दोन बटणं एकामागून एक दाबून सोडायची आणि वरचं पॉवर बटण ॲपलचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवायचं. आवाजाची बटणं वरच्याच कडेला असतील तर पॉवरच्या जवळचं आधी दाबा.

३. कीबोर्डवरचे कोणते शॉर्टकट खरंच पाठ करावेत?

कॉपी-पेस्ट बहुतेकांना येतं, म्हणून त्यापलीकडचे सांगतो. कंट्रोल आणि झेड म्हणजे नुकतंच केलेलं मागे घेणं. हे फक्त लिहिण्यात चालत नाही, फाइल चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकली तरी चालतं. ब्राउझरमध्ये टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट, टी. जागेवरून उठताना विंडोज आणि एल, म्हणजे स्क्रीन कुलूपबंद.

आणि सगळ्यात कमी माहीत असलेला, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी: विंडोज आणि व्ही. पहिल्यांदा दाबल्यावर 'टर्न ऑन' विचारेल, हो म्हणा. त्यानंतर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे यादीत दिसतात. फॉर्म भरताना नाव, पत्ता, खाते क्रमांक एकदाच कॉपी करून ठेवता येतात. सामायिक कॉम्प्युटरवर मात्र काम झालं की ही यादी 'क्लिअर ऑल' करा.

४. स्क्रीनशॉट कसा काढायचा आणि तो जातो कुठे?

विंडोज, शिफ्ट आणि एस दाबा, हवा तेवढाच भाग माऊसने ओढून निवडा. चित्र कॉपी होतं, थेट मेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. विंडोज ११ मध्ये एक प्रत 'पिक्चर्स'मधल्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्येही पडते. अँड्रॉइड टॅबलेटवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र.

५. फाइल डाउनलोड केली, पण सापडतच नाही.

ब्राउझर उघडा आणि कंट्रोल आणि जे दाबा. आजवरची सगळी डाउनलोड्स यादीत दिसतील, समोर फोल्डरचं चिन्ह असेल, ते दाबलं की फाइल जिथे असेल तिथे नेऊन पोहोचवेल. टॅबलेटवर 'फाइल्स' ॲप उघडून 'डाउनलोड्स'मध्ये पाहा.

यातला एक प्रकार सारखा घडतो. मेलमध्ये आलेली वर्डची फाइल थेट मेलमधूनच उघडायची, तासभर तिच्यात दुरुस्त्या करायच्या, सेव्ह दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी मेलमधली फाइल उघडली तर दुरुस्त्या गायब. कारण मेलमधून उघडलेली प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडते, मेलमधली मूळ फाइल आहे तशीच राहते. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी डाउनलोड, मग डॉक्युमेंट्समध्ये आपल्या फोल्डरात हलवणं, मग उघडणं.

फाइलला नाव देताना तारीख वर्षापासून लिहा, म्हणजे '२०२५-०६-१४ वीजबिल'. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की नावाप्रमाणे लावल्यावर फाइल्स आपोआप तारखेप्रमाणे लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटची' अशी नावं दोन महिन्यांनी तुम्हालाच उलगडत नाहीत.

६. लॅपटॉपवर मराठी लिहायला कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं?

कोणतंही नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन', तिथे 'ॲड अ लँग्वेज' करून मराठी निवडा. मराठीच्या समोरच्या तीन ठिपक्यांमधून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये गेलात की कीबोर्ड जोडता येतात. दोन प्रकार महत्त्वाचे.

पहिला मराठी फोनेटिक: उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबायची, मराठी शब्द सुचवले जातात. २०१९ पासून तो विंडोजसोबतच येतो. अधूनमधून चार ओळी लिहिणाऱ्यांना हा पुरेसा आहे.

दुसरा इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित मांडणी. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, शिफ्टशिवाय क, शिफ्टसह ख; त आणि थ, प आणि फ यांचंही तसंच. सुरुवातीचे दोन आठवडे हात अडखळतो. पण ज्यांना रोज पानंच्या पानं लिहायची आहेत त्यांनी हाच शिकावा असं मी आग्रहाने सांगतो. सुचवलेल्या शब्दांतून निवड करत बसावं लागत नाही आणि जोडाक्षर मनासारखं पडतं.

इंग्रजी आणि मराठी यांच्यात ये-जा करायला विंडोज आणि स्पेस बार. टॅबलेटवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये, मराठी जोडा. त्यात माइकचं चिन्ह दाबून बोललात तर मराठीत टाइपही होतं. बोटं दुखणाऱ्या ज्येष्ठांना याचा फार उपयोग होतो.

७. 'दऱ्या' लिहायला गेलं की 'दर्या' होतं. तो अर्धा र कसा आणायचा?

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, तेव्हा हा फरक जपायलाच हवा. 'आचार्यांना निरोप द्या' आणि 'आचाऱ्यांना निरोप द्या' यांत निरोप वेगवेगळ्या घरी जातो.

साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य लिहिलं की संगणक रफार देतो. आडवा र हवा असेल तर खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ वापरायचा. इनस्क्रिप्टवर र इंग्रजी जे बटणावर आहे. शिफ्ट आणि जे म्हणजे ऱ. म्हणून 'दऱ्या'साठी द, मग शिफ्ट-जे, मग हलन्ताचं डी, मग य चं तिरप्या रेघेचं बटण, मग काना. फोनेटिक कीबोर्डमध्ये आणि जीबोर्डमध्ये पूर्ण शब्द लिहून सुचवण्यांमधून योग्य रूप निवडा.

इथे एक छुपी अडचण आहे. हाच आडवा र साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही काढता येतो आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. लांब लेखात 'वाऱ्यावर' शोधताय, शब्द डोळ्यांसमोर आहे आणि कंट्रोल-एफ 'सापडला नाही' म्हणतंय, तर बहुधा हेच कारण असतं. त्याच लेखातला शब्द कॉपी करून शोधखान्यात टाका, लगेच सापडेल.

८. जुनी मराठी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली का?

नाही, फाइल धडधाकट आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची सामायिक पद्धत, रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये मराठी लिहिलं जायचं. त्यांत संगणक मनातल्या मनात रोमन अक्षरंच साठवायचा, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा. तो फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर नसेल तर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात.

वाचायचंच असेल तर तो फॉन्ट बसवा. पुढे वापरायचं असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. मात्र कोणत्या फॉन्टमध्ये लिहिलंय ते नेमकं ठाऊक हवं, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी. रूपांतरानंतर रफार, आडवा र आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात. संस्थांचे अहवाल, वंशावळी, आजोबांच्या आठवणी अशा मजकुराचं हे काम लांबणीवर टाकू नका. तो फॉन्ट चालवणारा जुना कॉम्प्युटर अजून घरात असताना ते सोपं असतं. नवीन मजकूर निर्मला यूआय, मंगल, मुक्ता, नोटो अशा कोणत्याही युनिकोड फॉन्टमध्ये लिहा.

९. पासवर्ड अगदी बरोबर टाकतोय, तरी 'चुकीचा आहे' असं सांगतं.

तीन गोष्टी पाहा. कॅप्स लॉक चालू आहे का? कीबोर्ड मराठीवर राहिलाय का? पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने हे कळत नाही; कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह पाहा. आणि आकडे देवनागरी पडताहेत का? आपल्याला ५ आणि इंग्रजी पाच एकच, संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं. मोबाइल नंबर नाकारणाऱ्या फॉर्मचंही अनेकदा हेच कारण असतं. शंका आली तर आधी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहा.

ई-आधारच्या पीडीएफबद्दल नेहमी विचारतात. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, सगळी कॅपिटल, आणि लगेच पुढे जन्मवर्ष. नाव सुनीता आणि जन्म १९६८ असेल तर एस, यू, एन, आय आणि मग १९६८, मध्ये जागा न सोडता. पहिलं नाव चार अक्षरांहून लहान असेल तरच पुढच्या नावाची अक्षरं त्यात येतात.

१०. कीबोर्ड अचानक वेड्यासारखा वागतोय. बिघडला का?

बहुधा नाही, एखादी सोय चुकून चालू झालेली असते.

काही अक्षरांच्या जागी आकडे येताहेत, म्हणजे यू दाबलं तर ४ आणि आय दाबलं तर ५? नम लॉक चालू आहे, छोट्या लॅपटॉपवर अक्षरांतच आकड्यांचा भाग दडलेला असतो. नवीन अक्षर पुढचं अक्षर खाऊन टाकतंय? इन्सर्टचं बटण दाबलं गेलंय, पुन्हा दाबा. शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं की 'स्टिकी कीज'ची खिडकी येते, तिला 'नो' म्हणा. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं तर 'फिल्टर कीज' चालू होतात आणि भराभर दाबलेली बटणं उमटतच नाहीत. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'तून ते बंद करा. टचपॅड मेल्यासारखा झाला असेल तर वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा, फंक्शन बटणासह दाबा.

११. फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत हवा, माझा ४ एमबीचा आहे. कमी कसा करू?

कुठल्याही वेबसाइटची गरज नाही, विंडोजचा पेंट पुरतो. उदाहरण म्हणून बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचं माप घेऊ: फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी.

फोटो पेंटमध्ये उघडा. आधी 'क्रॉप' करून चेहरा आणि खांदे एवढाच उभा भाग ठेवा. मग 'रीसाइज'मध्ये जाऊन टक्क्यांऐवजी 'पिक्सेल्स' निवडा आणि आडवं माप २०० टाका. उभं माप आपोआप २३० च्या आसपास आलं तर क्रॉप नीट झालाय. फारच वेगळं आलं तर पुन्हा क्रॉप करा, दोन मापांना बांधणारं कुलपाचं चिन्ह काढून ताणू नका, चेहरा चपटा होतो. मग 'सेव्ह ॲज'मध्ये जेपेग निवडून नव्या नावाने साठवा, मूळ फोटो तसाच राहू द्या. फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार तपासा. फाइल किमान मर्यादेपेक्षा लहान झाली तरी फॉर्म नाकारतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी जाहिरातीत चालत असेल तेवढे पिक्सेल वाढवा.

सहीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करा, दिवसा खिडकीपाशी फोटो काढा आणि कडेचा कागद कापून टाका.

कागदपत्रांची पीडीएफ मोठी होत असेल तर स्कॅन करतानाच रंगीतऐवजी करडा आणि १५० ते २०० डीपीआय ठेवा. आधार, पॅन, बँकेचं पासबुक अनोळखी 'पीडीएफ लहान करून देतो' साइटवर चढवू नका. तुमचं कागदपत्र तिथे किती दिवस राहतं हे तपासायला तुमच्यापाशी काहीच मार्ग नसतो. आणि जिथे फक्त ओळख दाखवायची आहे तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

१२. चार्जिंगला कायम लावून ठेवलं तर बॅटरी खराब होते का?

पूर्ण भरल्यावर चार्जिंग थांबतं, त्यामुळे 'जास्त चार्ज होऊन फुटेल' ही भीती नको. पण लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. टेबलावरच काम असेल तर लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा, बहुतेक कंपन्या देतात. रोज शून्यापर्यंत उतरवायची जुनी रीत या बॅटऱ्यांना अपायकारकच आहे.

गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका, खालच्या हवेच्या फटी बंद होतात. टॅबलेट महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा.

१३. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, झाकणही नीट बसत नाही.

बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि टोचू तर मुळीच नका. सर्व्हिस सेंटरला न्या. टॅबलेटची स्क्रीन कडेने सुटत असेल तरी हेच.

१४. चार्जिंगला लावून लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. शॉक आहे का?

धातूच्या लॅपटॉपबाबत आणि जुन्या घरांमधून हा प्रश्न फार येतो. चार्जरमध्ये विजेतला खरखराट गाळणारे भाग असतात, त्यांतून अगदी बारीक विद्युतप्रवाह बाहेरच्या धातूपर्यंत पोहोचतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. पिन दोनच असेल, किंवा तीन पिना असूनही भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर तो तुमच्या हातातून वाट काढतो.

हलक्या मुंग्या सहसा धोक्याच्या नसतात, पण त्या घरातल्या अर्थिंगची बातमी देतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तेच अर्थिंग फ्रीज आणि गीझरपाशीही तुम्हाला वाचवतं. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालू नका. जोराचा झटका बसला, वायर सोललेली असेल किंवा जळका वास आला तर तो चार्जर ताबडतोब बंद.

१५. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपतो. असं का?

लॅपटॉपला ते घरचं वाय-फायच वाटतं, आणि तो निवांतपणे अपडेट्स उतरवायला आणि फोटो वर चढवायला लागतो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. हे एकदाच करायचं, त्या नावासाठी ते लक्षात राहतं. व्हिडिओची गुणवत्ता ४८०पी वर आणलीत तर आणखी वाचेल.

१६. ५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला, दिसतात ४७६. दुकानदाराने फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१ दिसतात.

जागा खरोखर भरत आली असेल तर सेटिंग्ज, 'सिस्टम', 'स्टोरेज' पाहा. बहुतेकांकडे डाउनलोड्स आणि रीसायकल बिन हेच दोन दोषी सापडतात. टॅबलेटवर व्हॉट्सॲपमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा, सुप्रभातच्या व्हिडिओंनी व्यापलेली जागा तिथे दिसेल. फोटो काढून टाकण्याआधी मात्र प्रश्न १८ वाचा.

१७. चुकून डिलीट झालेली फाइल परत मिळते का?

लॅपटॉपच्या डिस्कवरची असेल तर रीसायकल बिनमध्ये राइट क्लिक करून 'रीस्टोअर'. नुकतीच गेली असेल तर कंट्रोल-झेड. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल बिनमध्ये येत नाही, शिफ्ट धरून पुसलेलीही नाही. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतात, आयपॅडवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस.

सेव्ह न करता वर्ड बंद झालं असेल तर वर्ड पुन्हा उघडा, 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट', 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स'. पेन ड्राइव्हवरचं काही गेलं असेल तर त्यावर नवीन काहीही न भरता तो तसाच बाजूला ठेवा. जुन्या जागेवर नवं लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने मिळायची आशा असते. आताच्या एसएसडी डिस्कवर ही आशा खूपच कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

१८. फोटो गुगलवर चढलेत, आता टॅबलेटवरून काढून टाकले तर चालतील ना?

थांबा. याच एका गैरसमजातून सर्वांत जास्त फोटो जातात.

गुगल फोटोज, आयक्लाउड, वनड्राइव्ह या मुळात 'सिंक' करणाऱ्या सोयी आहेत: सगळीकडे सारखंच चित्र ठेवायचं. त्यामुळे गुगल फोटोज ॲपमध्ये फोटो डिलीट केला की तो टॅबलेटवरूनही जातो आणि गुगलच्या खात्यातूनही जातो. आयक्लाउड फोटोजचंही तेच, आणि वनड्राइव्हला जोडलेल्या डेस्कटॉप फोल्डरचंही. फक्त टॅबलेटवरची जागा मोकळी करायची असेल तर गुगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा. तो चढवून झालेल्या फोटोंची टॅबलेटवरचीच प्रत काढतो.

बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी मूळ पुसल्यावरही राहते. लग्नाचे, बाळाचे, गेलेल्या माणसांचे फोटो, घराची आणि जमिनीची कागदपत्रं यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क लॅपटॉपला कायम जोडून ठेवू नका. शक्य असेल तर दुसरी प्रत नातेवाइकांच्या घरी. फुकट मिळणारी ऑनलाइन जागा गुगलवर १५ जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउडवर ५-५ जीबी. गुगलच्या १५ मध्ये जीमेलही मोजलं जातं, ती भरली की मेल येणंही थांबतं.

१९. पेन ड्राइव्हवर ३० जीबी मोकळे आहेत, तरी ६ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ 'फाइल खूप मोठी' म्हणून जात नाही.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, राइट क्लिक करून 'फॉरमॅट'मध्ये एक्सफॅट निवडा. फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं. जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेअर कधीकधी एक्सफॅट वाचत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

२०. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची असते. आधार वगैरे पाठवणं सुरक्षित आहे का?

दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली की ती त्यांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड होते. नंतर तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलंत तरी ती डाउनलोड झालेली प्रत राहते. प्रिंट हातात आल्यावर तिथेच उभं राहून फाइल डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधून काढून टाकायला सांगा. चांगले दुकानदार आनंदाने करतात, यात संकोच कसला.

तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल आणि लॉगआउट राहून गेलं असेल तर मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून ते आता बंद करा. इन्कॉग्निटो खिडकीतून काम केलं तरी डाउनलोड झालेल्या फाइल्स मागे राहतातच.

२१. स्क्रीनभर लाल सूचना आली, भोंगा वाजतोय, 'या नंबरवर फोन करा' असं लिहिलंय.

फोन करू नका. ते एक वेब पान आहे, तुमच्या लॅपटॉपला काही झालेलं नाही. एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर आल्ट आणि एफ४, तेही नाही तर प्रश्न २ मधला टास्क मॅनेजर. ब्राउझर पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' विचारलं तर नाही म्हणा. मायक्रोसॉफ्ट अशा सूचनेत कधीही फोन नंबर देत नाही.

फोन केला गेला असेल, त्यांनी एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा लॅपटॉप चालवू देणारं ॲप बसवायला लावलं असेल तर आधी वाय-फाय तोडा आणि ते ॲप काढून टाका. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. झाल्या प्रकाराची लाज वाटून घरच्यांपासून लपवण्यात तोच मोलाचा वेळ जातो.

२२. माझा लॅपटॉप विंडोज १० वर आहे. टाकून द्यायचा का?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्सची जादा मुदत दिली, तिच्यासाठी अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल की नाही ते सांगतं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

चालत नसेल तरी लॅपटॉप फेकू नका. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्यावर छान चालते, त्यात मराठीही लिहिता येतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. वेगात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. फक्त बँकेचे व्यवहार अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नका.

२३. कीबोर्डवर चहा सांडला!

चार्जर काढा, पॉवरचं बटण धरून लगेच बंद करा, झाकण उघडं ठेवून उलटा ठेवा म्हणजे द्रव खाली गळेल. चालू होतोय का ते पाहायचा मोह टाळा, ओलसर असताना आतून वीज वाहिली की भाग जळतात. हेअर ड्रायर नको आणि तांदळाच्या डब्यातही नको. दुधा-साखरेचा चहा वाळल्यावरही आत चिकटून गंज धरतो, म्हणून वरून कोरडा दिसला तरी उघडून साफ करून घ्या.

२४. आईबाबांना टॅबलेट दिलाय, पण ते सारखे भलत्याच ठिकाणी जाऊन अडकतात.

सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले'तून अक्षरांचा आकार आणि 'डिस्प्ले साइज' दोन्ही वाढवा, नुसती अक्षरं वाढवून बटणं बारीकच राहतात. पहिल्या पानावर चार-पाचच ॲप्स ठेवा. एकच ॲप चालू ठेवायचं असेल, समजा भजनं किंवा व्हिडिओ कॉल, तर 'ॲप पिनिंग' वापरा; आयपॅडवर त्याला 'गाइडेड ॲक्सेस' म्हणतात. शिकवताना टॅबलेट त्यांच्याच हातात राहू द्या आणि तुम्ही फक्त सांगा. पायऱ्या त्यांच्या हाताने वहीत उतरवून घ्या. पासवर्ड त्यांचे त्यांनाच ठाऊक असावेत, सगळ्या नातेवाइकांना नकोत.

२५. जुना लॅपटॉप किंवा टॅबलेट दुसऱ्याला देण्यापूर्वी काय करायचं?

आधी प्रश्न १८ प्रमाणे प्रत घ्या. लॅपटॉपवर सेटिंग्ज, 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. नुसत्या फाइल्स पुसणं पुरेसं नाही.

टॅबलेटवर क्रम महत्त्वाचा. अँड्रॉइडवर आधी गुगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट. आयपॅडवर आधी 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून साइन आउट. हा क्रम चुकला तर टॅबलेट चोरीचा समजून लॉक होतो, आणि तुमचा पासवर्ड मिळेपर्यंत घेणाऱ्याला तो उघडता येत नाही.